पाठीतलं पाणी आणि मेंदूचे आजार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या रुग्णालयांत न्यूरॉलॉजीच्या ओपीडीबाहेर नातेवाईक एकमेकांना जे विचारतात आणि डॉक्टरांसमोर बसल्यावर नेमकं विसरतात, ते प्रश्न इथे गोळा केले आहेत. मी डॉक्टर नाही. रुग्णांच्या घरच्यांना फाइल, रिपोर्ट आणि योजनांचे कागद समजून घ्यायला मदत करते. उपचाराचा निर्णय तुमच्या डॉक्टरांसोबतच घ्या, प्रश्न मात्र इथून घेऊन जा.

पाठीतलं पाणी पाठीतच तयार होतं का?

नाही, ते मेंदूत तयार होतं. मेंदूच्या आत चार पोकळ्या असतात. तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून हा द्रव झिरपतो, मेंदू आणि मज्जारज्जूभोवती फिरतो आणि शेवटी रक्तात शोषला जातो. डॉक्टर त्याला सीएसएफ म्हणतात आणि या पानावर ‘पाणी’ म्हणजे हाच द्रव. मोठ्या माणसात एका वेळी तो साधारण १२५ ते १५० मिलि असतो, पण दिवसभरात तयार होतो जवळजवळ ५०० मिलि. म्हणजे सगळंच्या सगळं पाणी दिवसातून तीन-चार वेळा नवं होतं. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडतील.

पाठीतून पाणी काढलं की माणूस लुळा पडतो, असं आमच्याकडे सगळे म्हणतात. खरं आहे का?

हा प्रश्न आला नाही असा एकही आठवडा जात नाही. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई घालतात ती त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मधल्या फटीत. तिथे पाण्यात तरंगणारे नसांचे धागे असतात आणि सुई आली की ते बहुतेक वेळा बाजूला सरकतात. तपासणीसाठी सहसा दहा मिलिच्या आसपास पाणी घेतात. शरीर तासाला साधारण २० मिलि बनवतं, म्हणजे अर्ध्या तासात भरपाई होते. ही पद्धत क्विंके नावाच्या जर्मन डॉक्टरने १८९१ मध्ये रुजवली, म्हणजे ती काही काल-परवाची नाही.

मग भीती आली कुठून? ज्यांचं पाणी काढतात ते आधीच फार आजारी असतात. मेंदूज्वराने बेशुद्ध झालेला माणूस पुढे अधू राहिला, की गावात आजाराऐवजी सुईचं नाव होतं. या भीतीपायी घरच्यांनी दोन दिवस सही केली नाही आणि मेंदूज्वराचं निदान तेवढं लांबलं, असं मी पाहिलेलं आहे. सुईपेक्षा ते दोन दिवस महाग पडतात.

खरा आणि नेहमी दिसणारा त्रास म्हणजे उठून बसलं की ठणकणारं आणि आडवं झालं की थांबणारं डोकं. सुईच्या छिद्रातून पाणी झिरपत राहतं, म्हणून ते होतं. नेहमीच्या धारदार टोकाच्या सुईऐवजी बोथट, पेन्सिलीसारख्या टोकाची सुई वापरली तर हा त्रास बराच कमी होतो. २०१८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मोठ्या आढाव्यात हे प्रमाण ११ टक्क्यांवरून ४.२ टक्क्यांवर आलं होतं. तेव्हा ‘कोणती सुई वापरणार?’ हे विचारायला लाजू नका. दिवसभर उताणं झोपवून ठेवल्याने हे दुखणं टळतं असा पुरावा नाही, तरी प्रथा चालू आहे. डोकं दुखायचं थांबलंच नाही, तर रुग्णाचंच थोडं रक्त त्या जागी टोचून छिद्र बुजवतात. त्याला ब्लड पॅच म्हणतात.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, प्लेटलेट कमी असतील किंवा मेंदूत गाठ असून दाब वाढल्याची शंका असेल, तर ते आधी सांगायलाच हवं. अशा वेळी आधी स्कॅन करतात, कधी सुई टाळतातही.

तपासणी समजली. पण या पाण्यातून ‘उपचार’ कसा होतो?

मुख्य रस्ते दोन. पाणी जास्त झालं असेल किंवा अडलं असेल तर ते काढायचं, नाहीतर दुसरीकडे वळवायचं. किंवा पाण्यात औषध सोडायचं, कारण रक्तातून दिलेली बरीच औषधं मेंदूपर्यंत पोचतच नाहीत. तिसरा रस्ता पाणी गाळण्याचा किंवा बदलण्याचा. तो अजून प्रयोगात आहे आणि जाहिरातींचा धंदा बहुतेक त्याच्याच आसपास चालतो.

वडील ७२ वर्षांचे आहेत. पाय उचलतच नाहीत, फरफटत चालतात, लघवी कपड्यात होते, विसरतातही. सगळे म्हणतात वय झालं. यात पाण्याचा काय संबंध?

असू शकतो, आणि या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस नावाचा आजार आहे, १९६५ मध्ये सालोमोन हकीम या कोलंबियाच्या न्यूरोसर्जनने तो मांडला. मेंदूतल्या पोकळ्या फुगतात, पण कमरेतून मोजलेला दाब मात्र ठीक निघतो. खुणा तीन: चाल बिघडणं, लघवीवरचा ताबा जाणं आणि विसराळूपणा. बहुतेकांत चाल आधी बिघडते. पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, पावलं आखूड आणि फाकलेली पडतात, वळताना पाच-सहा पावलं लागतात. पार्किन्सनसारखं दिसतं, पण पार्किन्सनच्या गोळ्यांनी फारसा फरक पडत नाही. सारसबागेला रोज फेरी मारणारे आजोबा आधी फेरी सोडतात, मग जिना, मग घराबाहेर पडणं. घरच्यांना तो म्हातारपणाचा हट्ट वाटतो.

एमआरआयमध्ये पोकळ्या मोठ्या दिसल्या तर टॅप टेस्ट करतात, म्हणजे कमरेतून ३० ते ५० मिलि पाणी काढायचं आणि आधी-नंतर चाल मोजायची. दहा मीटर चालायला किती सेकंद आणि किती पावलं लागली, हे लिहून ठेवा. मोबाइलवर व्हिडिओ जरूर काढा, आधीचाही आणि नंतरचाही, त्याच जागी आणि त्याच चपलांत. कारण फरक काही तासांत दिसतो, कधी दुसऱ्या दिवशी, आणि तोवर डॉक्टरांचा राउंड होऊन गेलेला असतो. टॅप टेस्टने फरक पडला नाही म्हणून आजार नाहीच असं ठरत नाही. काही ठिकाणी मग कमरेत दोन-तीन दिवस नळी ठेवून पुन्हा पाहतात.

उपचार म्हणजे शंट. मेंदूच्या पोकळीतून कातडीखालून पोटापर्यंत बारीक नळी घालतात आणि मध्ये एक झडप असते. हे खरंच लागू पडतं की नुसता मनाचा दिलासा, हा वाद बरीच वर्षं होता. २०२५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात ९९ रुग्णांची चाचणी आली. शंट सगळ्यांना बसवला, पण निम्म्यांची झडप जवळजवळ बंद ठेवली आणि कुणाची कशी आहे ते रुग्णांना कळू दिलं नाही. तीन महिन्यांनी, झडप उघडी असलेल्यांचा चालण्याचा वेग सेकंदाला सरासरी ०.२३ मीटरने वाढला, बंद असलेल्यांचा ०.०३ मीटरने. उघड्या गटात पडण्याचं प्रमाणही कमी होतं. स्मरणशक्ती आणि लघवीत मात्र तेवढ्या अवधीत ठळक फरक दिसला नाही, आणि कवटीखाली रक्त साचण्याचा धोका उघड्या गटात जास्त होता.

म्हणून माझं मत असं: चाल हे मुख्य दुखणं असेल तर शंटचा विचार लवकर करा. विसराळूपणा हेच मुख्य असेल आणि चाल बरी असेल, तर अपेक्षा कमी ठेवा आणि दुसरं मत घ्या.

शंट बसवल्यावर मोबाइल, एमआरआय, विमान चालतं का?

विमान चालतं. मोबाइल झडपेला अगदी खेटून ठेवू नका, बाकी वापरा. एमआरआयची गोष्ट वेगळी. बाहेरून चुंबकाने दाब बदलता येणाऱ्या काही झडपांचं सेटिंग एमआरआयमध्ये सरकू शकतं, त्यामुळे नंतर ते तपासून घ्यावं लागतं. मिळालेलं झडपेचं कार्ड पाकिटात ठेवा. कपाटात ठेवलेलं कार्ड मध्यरात्री कॅज्युअल्टीत कामाचं नाही.

बाळाच्या डोक्यात पाणी झालंय. शंट आयुष्यभर राहणार का? देशी घ्यावा की परदेशी?

बहुतेकदा राहतो आणि वाढत्या वयात तो बदलावाही लागतो. सगळ्या बाळांना शंटच लागतो असं नाही. काहींत दुर्बिणीने मेंदूच्या तिसऱ्या पोकळीच्या तळाला छिद्र पाडून पाण्याला वाट करून देतात. कोणत्या बाळाला ते चालेल, हे वय आणि अडथळ्याचं कारण यावरून ठरतं.

देशी-परदेशीचं उत्तर मात्र आनंदाचं आहे. उत्तर प्रदेशातल्या शहाजहानपूरला तयार होणारा छाबडा शंट परदेशी शंटच्या मानाने अगदी स्वस्त असतो. युगांडामध्ये मुलांवर त्याची महागड्या शंटशी तुलना झाली, २००५ मध्ये निकाल आला आणि परिणामांत फरक सापडला नाही. दागिने गहाण ठेवून परदेशी झडप घ्यायच्या आधी ही गोष्ट डॉक्टरांशी बोला.

शंट तुंबल्याच्या खुणा घरातल्या प्रत्येकाला पाठ हव्यात. सारख्या उलट्या, वाढतं झोपाळूपण, लहान बाळाची फुगलेली टाळू, खाली वळून राहिलेले डोळे, मोठ्या मुलात डोकेदुखी. ताप आला आणि शंट नुकताच बसवलेला असेल तर जंतुसंसर्गाचाही विचार करावा लागतो. यात ‘सकाळपर्यंत बघू’ नको.

टीबीमुळेही डोक्यात पाणी होतं?

होतं, आणि आपल्याकडे पुष्कळ होतं. मेंदूच्या आवरणाचा टीबी पाण्याच्या वाटा बुजवतो. टीबीची औषधं आणि स्टिरॉइड हा पाया, आणि दाब वाढला तर त्यांच्यासोबत शंट. पाण्यात टीबीचे जंतू शोधणारी जीनएक्स्पर्ट तपासणी निगेटिव्ह आली म्हणून टीबी नाही, असं ठरत नाही. पाण्यात जंतू फार थोडे असतात. त्यामुळे डॉक्टरांनी रिपोर्ट निगेटिव्ह असतानाही औषध सुरू केलं तर भांडू नका, कारण विचारा.

माझं वय २८, वजन जास्त आहे. डोकं दुखतं आणि मध्येच डोळ्यांसमोर अंधारी येते. पाणी काढून दाब कमी करायचा सल्ला दिलाय. एकदा काढलं की झालं का?

नाही. तासाला २० मिलिचा हिशोब इथेही लागतो. ३० मिलि काढलं तर दीड तासात तेवढं परत तयार. सुईने निदान पक्कं होतं, थोडा वेळ आराम पडतो. कायमचा उपाय म्हणजे वजन उतरवणं आणि अ‍ॅसिटाझोलामाइडच्या गोळ्या. नजर झपाट्याने जात असेल तर शस्त्रक्रिया. डोळ्यांच्या डॉक्टरांकडची नजरेच्या कक्षेची तपासणी चुकवू नका, कारण कवटीतला दाब वाढण्याच्या या आजारात खरं नुकसान होतं ते नजरेचं.

ब्रेन हॅमरेजनंतर कमरेतून नळी घालून पाणी सोडतात ते कशासाठी?

मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेला फुगा फुटून मेंदूभोवती रक्त पसरलं असेल तर ते मिसळलेलं पाणी हळूहळू बाहेर काढण्यासाठी. फुग्याचा बंदोबस्त झाल्यावर तासाला ५ मिलि या बेताने पाणी सोडलेल्या रुग्णांत सहा महिन्यांनी वाईट परिणाम ३२.६ टक्के, तर न सोडलेल्यांत ४४.८ टक्के होते. ही २०२३ ची चाचणी. सगळ्या प्रकारच्या हॅमरेजला हे लागू नाही.

औषध पाठीतूनच का द्यायचं? सलाइनमधून का नाही?

रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये शरीरानेच घातलेला एक पडदा असतो. मोठे रेणू त्यातून जात नाहीत. पाण्यात थेट सोडलं तर पडदा टळतो आणि मात्राही फार थोडी पुरते. स्नायू ताठरणाऱ्या रुग्णांचं बॅक्लोफेन हे चांगलं उदाहरण. गोळीने जेवढं लागतं त्याच्या साधारण शंभराव्या भागात पंपातून काम होतं, आणि गोळीची गुंगीही टळते. आधी सुईने एक चाचणी-मात्रा देऊन बघतात, मग पोटाच्या कातडीखाली पंप बसवतात. तो वेळेवर भरावाच लागतो. औषध अचानक बंद पडलं तर जबरदस्त ताप, ताठरपणा आणि जिवाला धोका. गावी जायचं असेल तर भरण्याची तारीख पाहूनच तिकीट काढा.

रक्ताच्या कर्करोगात, विशेषतः मुलांमध्ये, मेथोट्रेक्सेट पाठीतून देतात, कारण कर्करोगाच्या पेशी या पडद्याआड लपून बसतात. याच मुलांना विनक्रिस्टीन शिरेतून देतात, आणि ते चुकून पाठीत गेलं तर जीव जातो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने ते सिरिंजऐवजी छोट्या सलाइनच्या पिशवीतून द्यायला सांगितलं आहे. दोन्ही औषधं एकाच दिवशी असतील तर ‘आज पाठीतून कोणतं?’ एवढं नर्सताईंना मोठ्याने विचारा. चांगल्या वॉर्डात त्याचा कुणाला राग येत नाही.

एसएमएच्या (स्नायू दुबळे करणारा जनुकीय आजार) बाळाला पाठीतलं इंजेक्शन चांगलं की तोंडातून द्यायचं औषध?

नुसिनरसेन हे पाठीतून द्यायचं औषध अमेरिकेत डिसेंबर २०१६ मध्ये मान्य झालं. पहिल्या दोन महिन्यांत चार डोस आणि मग दर चार महिन्यांनी एक, कायम. त्याने या आजाराचं चित्रच बदललं, यात वाद नाही. पण पाठीचा कणा वाकलेल्या मुलांत दर वेळी सुई घालणं अवघड होतं. रिसडिप्लाम तोंडातून देतात आणि २०२५ मध्ये त्याची भारतीय कंपनीची आवृत्ती आल्यापासून किंमत बरीच उतरली आहे. सोळा कोटींचं म्हणून गाजलेलं, ज्याच्यासाठी पुण्यात वर्गण्या निघाल्या, ते जनुकीय औषध शिरेतून देतात, पाठीतून नव्हे. पाठीतून दिलं म्हणजे औषध जास्त भारी, असं नसतं. बाळाचं वय, आजाराचा प्रकार आणि आयुष्यभर परवडेल काय, यावर निर्णय घ्या.

एएलएसला (हळूहळू स्नायू निकामी करणारा नसांचा आजार) पाठीतलं इंजेक्शन आलंय म्हणे?

टोफरसेन, २०२३ पासून अमेरिकेत. पण ते फक्त एसओडी१ जनुकात दोष असलेल्यांसाठी, आणि असे रुग्ण साधारण दोन टक्केच. आधी जनुकाची तपासणी, मग आशा. हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजारासाठी अशाच जातीच्या एका औषधाची मोठी चाचणी २०२१ मध्ये मध्येच थांबवावी लागली. औषध जागेवर पोचलं होतं, पण रुग्णांना फायदा झाला नाही.

सिंहगड रोडला जीबीएसची (नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडण्याचा आजार) साथ आली तेव्हा सगळ्यांचं पाठीतलं पाणी तपासत होते. मग पाणी गाळून आजार बरा होत नाही का?

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याजवळच्या नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागांत रुग्ण वाढले तेव्हा हा प्रश्न फार आला. जीबीएसमध्ये पाण्यातलं प्रोटीन वाढतं आणि पेशी मात्र जवळपास नेहमीइतक्याच राहतात, त्यावरून निदानाला मदत होते. पहिल्या आठवड्यात रिपोर्ट नॉर्मलही येऊ शकतो. पाणी गाळून परत सोडण्याचा प्रयोग जर्मनीत झाला होता. २००१ मध्ये ३७ रुग्णांच्या चाचणीत तो प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) बदलण्याच्या बरोबरीचा दिसला, पण एवढ्या छोट्या चाचणीवर उपचार उभा राहत नाही. आजही उपचार दोनच आहेत, इम्युनोग्लोब्युलिन (अँटिबॉडींचं औषध) किंवा प्लाझ्मा बदलणं.

मेंदूचं पाणी ‘धुऊन’ अल्झायमर बरा होतो, असा व्हिडिओ आला होता.

पाण्यासोबत मेंदूतला कचरा वाहून जातो, ही कल्पना २०१२ पासून गाजते आहे. झोपेत ही सफाई वाढते असं २०१३ मध्ये उंदरांवर दिसलं, तर २०२४ मध्ये संशोधकांच्या दुसऱ्या गटाला नेमकं उलट दिसलं. म्हणजे मूळ विज्ञानच अजून भांडतंय. माणसांवर शंट लावून पाहिलाही गेला. २००८ मध्ये निकाल आला की अल्झायमरमध्ये फायदा नाही. चीनमध्ये मानेतल्या लसीकावाहिन्या (शरीरातला जास्तीचा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) शिरेला जोडायची शस्त्रक्रिया शेकडो रुग्णांवर झाली. जुलै २०२५ मध्ये तिथल्या आरोग्य खात्याने पुरावा नाही म्हणून अल्झायमरसाठी ती बंद केली. तरुण उंदरांचं पाणी म्हाताऱ्या उंदरांत सोडल्यावर त्यांची आठवण सुधारली, हा २०२२ चा अभ्यास खरा आहे. पण तो उंदरांचा आहे.

स्वमग्न मुलाला पाठीतून स्टेम सेल द्यायचं पॅकेज सांगितलंय. हप्त्यांची सोयही आहे.

देऊ नका. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की स्वमग्नतेसाठी स्टेम सेलची शिफारस नाही आणि तसा उपचार देणं हे व्यावसायिक गैरवर्तन ठरतं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं तर बाकी सगळं संशोधनात मोडतं. संशोधन असेल तर चाचणीची नोंद असते, नैतिक समितीची मंजुरी असते आणि रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. जिथे ईएमआय आहे तिथे संशोधन नाही. तेच पैसे स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपीला लावा.

डोक्याला हलके हात लावून पाण्याची ‘लय’ सुधारणारी थेरपी?

अंग सैल पडतं, बरं वाटतं. आजार सुधारतो याला भरवशाचा पुरावा नाही. शंट असलेल्या बाळावर तर नकोच.

खर्चाचं काय?

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. शंटची शस्त्रक्रिया कोणत्या पॅकेजमध्ये बसते ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारा, डिस्चार्जच्या दिवशी नव्हे. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला तयार ठेवा. ससून या सरकारी रुग्णालयाचा रस्ता सगळ्यांना खुला आहे, गर्दी मात्र धरून चला. दुर्मीळ आजारांसाठी केंद्राच्या २०२१ च्या धोरणाखाली ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. त्यासाठीचं मान्य केंद्र मुंबईचं केईएम आहे, पुण्यातलं केईएम नव्हे. या नावापायी लोकांचे हेलपाटे होतात.

पाणी काढायच्या दिवशी सोबत काय न्यायचं?

चालू गोळ्यांची यादी, त्यातही अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिनसारख्या ठळक लिहून. जुने स्कॅन सीडीसकट, नुसता रिपोर्ट नको. मागून उघडणारा किंवा सैल कपडा. पाण्याचे नमुने बाहेरच्या लॅबमध्ये न्यायला सांगितलं तर बाटल्यांवरची नावं आणि क्रमांक हातात घेऊन वाचा, लगेच पोचवा आणि पोचल्याची पावती घ्या. पेशी तासा-दोन तासांत विरघळू लागतात. त्यामुळे बाटली फ्रीजमध्ये ठेवून संध्याकाळी जाऊ, असं करू नका.